कंडक्टरचं लाइव्ह

नागसेन वानखडे एस.टी.तून रिटायर झाला आणि त्याच्या बायकोचे वाईट दिवस सुरू झाले. अख्खी नोकरी चालत्या गाडीत उभं राहून काढलेला कंडक्टर. पायाखालची जमीन हलत नाही, याचाच त्याला त्रास व्हायला लागला. चहा झाला की अंगणात, अंगणातून फाटकाशी, फाटकाशी कोणी नाही म्हणून परत स्वयंपाकघरात. तिथे शालूच्या डब्यांची झाकणं उघडायची, उघडी तशीच ठेवायची आणि शेंगदाणे संपत आलेत ही बातमी तिलाच द्यायची. पाहुणे आले आणि दिवाणावर ऐसपैस बसले तर हा पठ्ठ्या त्यांना ‘थोडं पुढे सरका’ म्हणायचा. एकदा तर तिच्या सख्ख्या भावाला म्हणाला. ती लाज शालू अजून विसरलेली नाही.

एका दुपारी तिने लाटणं खाली ठेवलं. “काहो, घंटी मारल्याशिवाय थांबाची सवयच नाही का तुमाले? जा बरं कोठी तरी. सांजच्याले या जेवाले. पण आता जा.”

तो गेला तो थेट शेखरच्या दुकानात. शेखर म्हणजे चांदूर रेल्वे या गावचा केबलवाला. मोबाइलने आणि छपरावरच्या डिशने त्याचा अर्धा धंदा खाल्ला होता, तरी जुन्या वस्तीत, म्हाताऱ्या माणसांच्या घरांत अजून त्याचीच वायर जात होती. त्याच्याकडे चॅनलचा एक नंबर रिकामा पडला होता. तो लावला की नुसता निळा पडदा दिसायचा. त्या निळ्या पडद्याकडे बघून बघून शेखरच्या डोक्यात आलं, की मुंबईची भांडणं नि दिल्लीची हवा आपल्या लोकांना रोज दिसते, मग चांदूरचं चांदूरला काहून दिसू नये?

पगार कोणालाच नव्हता. त्यामुळे माणसं आली तीसुद्धा तशीच, घरी नकोशी झालेली नाहीतर घर नकोसं झालेली. तहसीलमधला एक बाबू बातम्या वाचायचा; शाळेच्या स्नेहसंमेलनाची बातमीही तो जप्तीची नोटीस वाचल्यासारखी वाचायचा. रागिणी फोटो स्टुडिओवाली. लग्नाचं शूटिंग हा तिचा खरा धंदा, तिशी ओलांडलेली, तोंडाने फटकळ आणि कामाला चोख. लग्नसराई नसली की तिचा दुसरा कॅमेरा कपाटात पडून असायचा, तो तिने आणला. शेखरच्या दुकानामागच्या खोलीत वायरींची भेंडोळी एका कोपऱ्यात लोटली, भिंतीवर निळी चादर ठोकली आणि दिवाळीनंतर ‘आपलं चांदूर’ सुरू झालं. रोज संध्याकाळी कार्यक्रम, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच पुन्हा.

नागसेनच्या हातात कॅमेरा आला तो योगायोगाने. रागिणीच्या लक्षात आलं, की हा माणूस पाय फाकवून उभा राहिला की धक्का लागला तरी हलत नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर, गच्च गाडीत, दोन्ही हातांनी तिकिटं फाडून त्याच्या पायांना ती अक्कल आली होती. पण त्याची दुसरी सवय तिला तापदायक झाली. हा स्टेजकडे बघायचाच नाही. पुढाऱ्याचं भाषण ऐन रंगात, आणि याचा कॅमेरा लोकांवर. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, एक एक चेहरा घेत, सावकाश. गाडी सुटायच्या आधी डोकी मोजायची तसा.

“काका, पाहुण्याले धरा ना फ्रेममध्ये!” रागिणी ओरडायची.

“पाहुण्याले काय धराचं? त्याले त्याची बायको वळखते. हे लोकं दिसले पाह्यजे.”

आणि झालं तसंच. पाहुण्याचं भाषण कोणाच्या लक्षात राहिलं नाही. पण संध्याकाळी घराघरांतून आरडाओरड व्हायची, अवो, ते पाहा आपली मावशी! ते पाहा मांगं, खांबाजवळ! आपला चेहरा कधी येतो म्हणून माणसं भात गार होईस्तोवर टीव्हीसमोर बसायला लागली. बुद्धविहारातला कार्यक्रम असो, माळीपुऱ्यातलं हळदीकुंकू असो की शाळेची कवायत, चार माणसं जमली की ‘कंडक्टरले बोलवा’ असा निरोप यायचा. नागसेनचा जीव पहिल्यांदा जरा खाली बसला. शालूने देवाचे आभार मानले नाहीत, कारण ती देव मानत नव्हती. पण शेखरच्या घरी तिने डबाभर चिवडा पाठवला.

आता त्या लाल चौकोनाचं सांगायला हवं.

सरकारी दवाखान्यातले एक डॉक्टर खोलीत येऊन बसले होते. लोकांनी फोन करायचे आणि त्यांनी तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. त्या दिवसासाठी रागिणीने पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकोन टाकला, त्यात पांढऱ्या अक्षरांत ‘लाइव्ह’. तो कार्यक्रम तुफान चालला. दुसऱ्या दिवशी ती तो चौकोन काढायला बसली, तर नागसेन मागे उभा.

“राहू दे ना. भारी दिसते.”

“काका, हे दुपारी शूट केलं आपण. लाइव्ह कायचं?”

“दुपारचं काय अन् सांजचं काय. आजचंच आहे ना? लोकाईले वाटते आता चालू आहे, तं धावत येऊन बसते. कोणाचं काय बिघडून राहिलं?”

शेखरलाही ते पटलं. त्याला काय, लोक बसले म्हणजे झालं. रागिणीने दोनचारदा कुरकुर केली, मग तिच्या लग्नाच्या तारखा सुरू झाल्या आणि तीही गप्प बसली. आजचंच आहे म्हणता म्हणता कालच्या कार्यक्रमावर तो चौकोन राहिला, मग परवाच्या, मग सकाळच्या पुन्हा दाखवायच्या कार्यक्रमावरही. ज्या माणसाने नोकरीत आपल्या सासऱ्यालासुद्धा बिनतिकीट बसवलं नाही, त्या माणसाने हे चालवून घेतलं. मला त्याचा राग येतो तो इथे. त्याला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, पण लोकांना धावत येऊन बसताना पाहायची चटक लागली होती.

संक्रांतीनंतर कवठ्याला शंकरपट भरला. बैलजोड्यांच्या शर्यती म्हटलं की आमच्याकडे माणूस हातातलं काम टाकून निघतो. नागसेन दोन्ही दिवस उन्हात उभा राहिला. जोड्या किती सुटल्या ते त्याला विचारू नका. धुरळ्यात बसलेली, उभी राहिलेली, झाडावर चढलेली माणसं मात्र त्याने झाडून सगळी टिपली. ते संध्याकाळी दाखवलं, लोकांनी पुन्हा मागितलं, पुन्हा दाखवलं. पट संपून आठवडा झाला तरी मागणी सरेना. एका सकाळी नवीन काहीच तयार नव्हतं, म्हणून नागसेनने तोच कार्यक्रम परत लावला. चौकोन होताच कोपऱ्यात. त्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

शेखर बसस्टँडकडे तुटलेली वायर जोडायला गेला होता. खोलीत नागसेन एकटा, आणि एकटा म्हणजे येरझाऱ्या. टेबलापासून दारापर्यंत, दारापासून टेबलापर्यंत. तेवढ्यात फोन वाजला. चॅनलचा नंबर पडद्याखालच्या पट्टीवर सारखा फिरत असायचा, त्यामुळे फोनचं त्याला नवल नव्हतं. कोणाला तरी आपला चेहरा पुन्हा बघायचा असेल.

“आपलं चांदूर, बोला.”

“भाऊ, मी गजेंद्र मेहरे. माळीपुऱ्यातला. मी कवठ्याले पटाच्या वावरात उभा हाओ. तुमचा कॅमेरा कोण्या बाजूनं आहे?”

नागसेनला काही उमगेना. “कोणता कॅमेरा?”

“अहो, आमचा बुढा सापडून नाही राहिला सकायपासून. मोतीराम मेहरे. त्याले आताशी काही ध्यानात राहत नाही. घरच्याईनं टीव्हीवर पाह्यला, पटात बसून आहे म्हणे. लाइव्ह लिहून आहे म्हणे. म्हटलं, फायनल लांबली असन. तसेच गाड्या काढल्या आमी दोघं भावाईनं. अन् इथी तं काहीच नाही भाऊ! मंडप नाही, बैल नाही, माणूस नाही. तुमी कोठी उभे आहे?”

नागसेनने समोरच्या पडद्याकडे पाहिलं. धुरळा, झाडं, माणसांची रांग. रांगेच्या कडेला पांढरा सदरा घातलेला, डोक्याला लाल काठाचा रुमाल बांधलेला एक म्हातारा मांडी घालून बसलेला.

गजेंद्रच्या बाजूला त्याच्या भावाचा फोन चालू असावा, घरी लावलेला. त्यातून एका बाईचा आवाज येत होता, घाबरलेला आणि आनंदलेला, दोन्ही एकदम. “अरे, असं कसं नाही म्हणतं? मले दिसून राहिला ना तो! तुयाच मांगं असन, पाय ना मांगं फिरून! हा पाय, आता रुमाल काढला त्यानं डोक्याचा!”

पडद्यावर मोतीरामने रुमाल काढला होता. झटकला आणि परत बांधायला घेतला.

“बुढी म्हणते मांगं आहे,” गजेंद्र म्हणाला. “मांगं तं पऱ्हाटी आहे भाऊ. तुमी हात वर करा ना, म्हणजे मले दिसान.”

 नागसेनच्या जिभेवर जे पहिलं आलं ते खोटंच होतं. कॅमेरा आत्ताच निघाला तिथून, असं म्हणायचं. गर्दी पांगली म्हणायचं. तेवढ्याने फोन ठेवता आला असता. मग त्या दोघांनी वेड्यासारखा त्या कपाशीच्या पऱ्हाटीत बाप शोधला असता, तासन्‌तास, आणि हे नागसेनला चांगलं दिसत होतं.

“गजेंद्र,” तो म्हणाला, “ते आजचं नाही. पटाच्याच दिवसाचं आहे. जुनं आहे.”

मागून त्या बाईचं ‘पाय ना मांगं’ चालूच होतं.

“लाइव्ह लिहून आहे म्हणते बुढी.”

“हो.”

“मंग?”

“मी राहू देलं लिहिलेलं. खोटं आहे ते.”

गजेंद्रने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याने फोन बंद केला. नागसेनने पट थांबवला. पडदा निळा झाला, आणि माळीपुऱ्यात एक म्हातारी आता निळ्या पडद्याकडे बघत असेल, हे त्याच क्षणी त्याच्या मनात आलं.  त्याने रागिणीला फोन लावला, शेखरला लावला, पुन्हा रागिणीला लावला.

रागिणी आली ती पायात घरातल्या सपाता तशाच. सगळं ऐकून घेतलं. ‘मी म्हटलं होतं’ हे तिच्या तोंडावर आलेलं त्याला दिसलं, पण ती बोलली नाही. तिने कॅमेरा निळ्या चादरीसमोर लावला. “उभे राहा काका. खरंच लाइव्ह आहे आता. चालू.”

गावातल्या प्रत्येकाला पडद्यावर आणणारा हा माणूस स्वतः कधी पडद्यावर आला नव्हता. हात कुठे ठेवावेत इथून त्याची सुरुवात. तो म्हणाला, “मी नागसेन वानखडे, कंडक्टर. आता जो पट दाखवला तो जुना होता. लाइव्ह नव्हता. आमी बरेच दिवसांपासून जुनं दाखवून लाइव्ह लिहून राहिलो, अन् ते माह्या सांगण्यावरून. माळीपुऱ्यातले मोतीरामभाऊ मेहरे सकायपासून सापडत नाही. हा त्यांचा चेहरा पाहा. कोणाले दिसले असन तं फोन करा. हे आताचं आहे.”

रागिणीने मोतीरामचा चेहरा पडद्यावर ठेवला. फोन वाजायला लागला.

पहिल्याने विचारलं, हे लाइव्ह आहे का जुनं? दुसरीने विचारलं, मोतीरामभाऊ कधी हरवले होते, सापडले का मग? तिसऱ्याला वाटलं नाटक आहे, आणि नाटक चांगलं जमलंय म्हणाला. नागसेनला घाम फुटला. भर जानेवारीत. “आताचं आहे माय, आताचं! तुमच्याशीच बोलून राहिलो मी, पाहा ना टीव्हीकडे!” तो फोन कानाला लावून कॅमेऱ्याकडे हात हलवत होता. कोणी विश्वास ठेवला, कोणी नाही. जो ठेवत नव्हता त्याच्याशीही बोलावं लागत होतं, कारण माहीत तर त्यालाच असायचं एखादेवेळी.

शेवटी एक फोन आला रेल्वे स्टेशनसमोर राहणाऱ्या विमलबाईंचा. त्यांनी म्हाताऱ्याला फलाटावरच्या बाकावर बसलेलं पाहिलं होतं. बराच वेळ बसून होता. मग अकोल्याकडची गाडी आली आणि तो लोकांबरोबर चढला. “म्या म्हटलं, घरचे असन संग. सगये चढून राहिले होते, तोही चढला.”

“कवाची गोष्ट?”

“ते तुमचं पट चालू होतं ना टीव्हीवर, तवाच.”

नागसेनने फोन रागिणीच्या हातात दिला आणि स्कूटर काढली. स्टेशनवर जाऊन काही उपयोग नव्हता, गाडी गेली होती. पण बसून राहणं त्याच्याच्याने होईना.

फलाटावर, त्या बाकाजवळ, एक म्हातारी उभी होती. अनवाणी. लुगड्याचा काष्टा धुळीने भरलेला, म्हणजे चालत आली होती. तिला नागसेन कधी भेटला नव्हता, पण सकाळी फोनवर ऐकलेला आवाज हिचाच असणार, हे त्याला कळलं.

“मोतीरामभाऊच्या घरच्या ना तुमी?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा तिने थोड्या वेळापूर्वी टीव्हीवर पाहिलेला, त्यामुळे ओळख सांगायची गरज पडली नाही.

“तो इथीच येते,” गिरजाबाई म्हणाली. “लोकाईले माहीत नाही. पोराईलेही नाही. उगाच बापाले खोलीत कोंडतीन म्हणून सांगतलं नाही मी. फुलं घेऊन अकोल्याले जाये ना तो जवानीत, जठारपेठेत. तं पाय इकडेच येते त्याचे. येऊन बाकावर बसते. मी येते अन् घरी नेते. कोणी उठाच्या आंधी.” तिने बाकावर हात ठेवला. “आज मले जागच उशिरा आली, तरी मी निघालीच होती. चप्पल घालून राहिली होती. तं शेजारची बोंबलली, बुढा टीव्हीवर! मी बसली मंग तिथीच. म्हटलं, दिसून राहिला ना, आता काहीच भेव नाही. पोट्टे जाऊन आणतीन. मी त्याच्यावर ध्यान ठेवून बसली, भाऊ. डोयाची पापणी नाही लवू देली.”

नागसेनने तिथूनच शेखरला फोन करून जठारपेठेचं सांगितलं. 

शेखरने जीप काढली. कवठ्याहून परतलेला गजेंद्र पुढे बसला, नागसेन मागे. तू कशाला येतोस, असं कोणी म्हणालं नाही आणि ये असंही म्हणालं नाही. तो चढला एवढंच. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. नागसेन सीटवर टेकायचा, पुन्हा सरळ व्हायचा. समोरून येणाऱ्या प्रत्येक एस.टी.च्या खिडक्यांतून तो चेहरे बघत होता, जणू म्हातारा उलट दिशेने परतही निघाला असेल. गजेंद्रने सबंध रस्ता मान वळवली नाही. अकोल्याच्या स्टेशनवर विचारलं, कोणाला काही माहीत नव्हतं. स्टेशनावर म्हातारे काय कमी उतरतात?

जठारपेठेत पोचले तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. ज्या दुकानात मोतीराम फुलं टाकायचा ते दुकानच राहिलं नव्हतं, तिथे आता मोबाइलची कव्हरं टांगलेली. दुकानातल्या पोराला मोतीराम मेहरे कोण ते माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. गजेंद्र एका गल्लीत शिरला, शेखर दुसऱ्या. नागसेन तिसऱ्या. हॉस्पिटलचा बोर्ड दिसला की आत डोकावून यायचा, गर्दी दिसली की वाटायचं अपघातच झाला. आयुष्यभर डोकी मोजली, पण एका डोक्यासाठी इतका जीव त्याचा कधी उडाला नव्हता. हा नाही. हाही नाही. पांढरा सदरा दिसला की धावायचा, आणि माणसं बिचकून बाजूला व्हायची.

देवळाच्या वळणावर एक फुलवाली बाई टोपलं घेऊन बसली होती. तिच्या बाजूला, तिचीच शाल अंगावर घेऊन, मोतीराम झेंडूचा हार ओवत होता. एका पायात चप्पल होती, दुसऱ्या पायाचा अंगठा फुटून रक्त सुकलेलं. बोटं मात्र झराझरा चालत होती.

“तुमचे आहे का हे?” बाईने विचारलं. “नाव काही सांगत नाही. पण हार पाहा किती बारीक ओवला. म्या म्हटलं, बसू दे.”

नागसेनने गजेंद्रला हाक मारली. हाक अशी की अख्ख्या जठारपेठेने वळून पाहिलं. गजेंद्र धावत आला, बापासमोर उकिडवा बसला आणि सगळ्यांसमोर रडायला लागला. मोतीरामने त्याच्याकडे पाहिलं, मग टोपल्याकडे. “आला का तू? फुलं कमी पडून राहिले,” तो म्हणाला. हार पुरा झाल्याशिवाय तो उठला नाही. तिघेही त्याच्याभोवती उभे राहिले.

परतताना म्हातारा झोपला. चांदूरला जीप माळीपुऱ्याच्या तोंडाशी थांबली, तेव्हा गजेंद्र पहिल्यांदा नागसेनकडे वळून बोलला. “उतरा भाऊ. आमी नेतो आता.”

लाल चौकोन रागिणीने त्याच दिवशी काढून टाकला होता. चॅनल बंद पडलं नाही, आणि कोणी दगडही मारले नाहीत. पण त्यानंतर काहीही दाखवलं, की पट्टीवरच्या नंबरावर फोन यायचा, हे कधीचं आहे हो? शाळेतल्या सव्वीस जानेवारीच्या कवायतीलाही एकाने विचारलं, यंदाचीच ना? शेखर हसून उत्तर द्यायचा. नागसेनला हसू येत नव्हतं. त्याने कॅमेरा हातात धरला नाही. घरी डब्यांची झाकणं पुन्हा उघडी राहायला लागली, आणि या वेळी शालू ओरडलीही नाही. उलट ती म्हणाली, बसा जरा. तो बसेना. फाटकाशी जाऊन उभा राहायचा आणि माळीपुऱ्याच्या रस्त्याकडे बघायचा.

“किती दिवस असे उभे राहान?” शालू म्हणाली. “जाऊन या ना तिकडे एकडाव. काय बोलन ती बाई? बोलू द्या. खाऊन तं नाही टाकणार तुमाले.”

तो गेला. मेहऱ्यांच्या अंगणात ऊन होतं. मोतीराम खाटेवर बसलेला, अंगठ्याला पट्टी, नजर कुठेतरी. गिरजाबाई खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने पाणी दिलं, बसायला पोतं दिलं. नागसेन बसला आणि बसल्याबरोबर म्हणाला, “चुकलं माह्यं, माय. लय मोठं चुकलं.”

“हो,” ती म्हणाली. “चुकलं तं खरं.” शेंगा सोलत राहिली. नागसेनला वाटलं, झालं, आता उठावं. तो उठायच्या बेतात होता.

“एक गोष्ट विचारू का, भाऊ? खरं सांगजा मले.”

“विचारा.”

“तुमी बंद केलं ना ते पट, त्याच्या जरासंच आंधी तो हासला होता. तोंड उघडून, पुरा, खांदे हालेस्तोवर. मी पाह्यलं. घरात तं हा हासत नाही आता. सालं झाले. नातवाईनं किती खेळ केले, नाही हासत. त्या दिवशी मी टीव्हीसमोर बसून म्हटलं, पाय, हासते अजून. कोठी तरी हासते.” तिने हातातली शेंग खाली ठेवली. “ते खरं होतं का? का तेही तुमीच लावलं?”

नागसेन पुढे सरकला. “खरं होतं माय! एक जोडी उधळली होती, हाकणाऱ्या धुरकऱ्याले खाली पाडलं अन् जोडी गेली शेंगदाणेवाल्याच्या गाड्यावर. सगये हासले. हे सगळ्यात मोठ्यानं हासले. मी समोर होतो, माह्या डोयानं पाह्यलं. शपथ सांगतो.”

गिरजाबाईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खाटेवरच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या उन्हाकडे बघत होता. तिने मान हलवली, पण दारी आलेल्या माणसाचं मन मोडू नये म्हणून हलवतात तशी.

“असन, बापा,” ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली. “असन.”